उन्हापासून इंधन : उसाचे पान, पांढरी भुकटी आणि एक साधा हिशेब



गेल्या गळीत हंगामात आपल्या गटागटांतून एक छापील पत्रक फिरले, ते बहुतेकांनी पाहिले असेल. पत्रकात एका पाटीचे चित्र होते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, वरून काच, आत पांढरा लेप. पाटी उन्हात ठेवायची, तिच्यात पाणी सोडायचे, आणि उन्हाच्या जोरावर पाण्यातून निघणाऱ्या वायूवर पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा, असा दावा. पाटीची किंमत उसाच्या बिलातून हप्त्याने कापून द्यावी, अशी सूचनाही खाली होती. आमच्या कानावर आले त्याप्रमाणे काही सभासदांनी दोन-दोन हजार रुपये अनामत भरलीसुद्धा. शेतकी कार्यालयात जो तो येऊन एकच विचारू लागला, "हे खरं का खोटं, तेवढं सांगा."

एका शब्दात उत्तर देता येईना, कारण पत्रकामागची विद्या खरी आहे. पुण्यापासून टोकियोपर्यंत नावाजलेल्या प्रयोगशाळा तिच्यावर काम करीत आहेत. पण विद्या खरी म्हणून पाटी खरी, असे होत नाही. सबब हा विषय मुळापासून समजून घ्यावा, असे आम्ही ठरवले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

कशेळ्याचे अंगण

आमच्या अभ्यासमंडळातल्या एका सभासदाची लेक कर्जत तालुक्यात कशेळ्याला दिली आहे. ती शाळेत विज्ञान शिकवते. अनामत भरणाऱ्यांत तिचे वडीलही होते. तिने फोनवर सांगितले, "आबा, दुसरा हप्ता भरायच्या आधी इकडे या. सोबत चार मंडळी आणा." त्याप्रमाणे दिवाळीनंतर आम्ही घाट उतरून खोपोलीमार्गे कशेळ्याला गेलो.

भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. आपल्याकडे उसाचे तसे तिकडे भाताचे राज्य. कर्जतचे भात संशोधन केंद्र नावाजलेले आहे, आणि खुद्द कशेळ्यात अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने भाताचे जुने वाण जतन करण्याचे आणि आदिवासी पाड्यांत धान्य बँका चालवण्याचे काम केले आहे. ऊस मात्र रसवंतीपुरताच.

बाईंनी आधी अंगणात चटई टाकून चहा दिला आणि आम्हालाच प्रश्न घातला, "काका, आमच्या तालुक्यात उन्हापासून वीज केव्हापासून तयार होते, सांगा बरं?" कोणी म्हणाले दहा वर्षे, कोणी म्हणाले पंधरा. त्या म्हणाल्या, "१९२२ पासून!" आम्ही चकित झालो. मग त्यांनी उलगडा केला. टाटांचे भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. शेजारच्या खोपोलीचे त्याही आधी, १९१५ साली. समुद्राच्या पाण्याची वाफ ऊन करते, ढग घाटमाथ्यावर पडतात, ते पाणी नळांतून खाली येऊन चक्र फिरवते. म्हणजे मुळात ती उन्हाचीच वीज. तेच पाणी पुढे पेज नदीला मिळते आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. डोंगरातल्या लाकडाचा कोळसाही साठवलेले ऊनच, आणि आपल्या बॉयलरखाली जळणारे बगॅसही तेच.

तेव्हा उन्हापासून शक्ती घेणे ही नवी गोष्ट नाही. नवे आहे ते इतकेच, की मध्ये झाड नको, नदी नको, थेट उन्हाच्या जोरावर पाण्यातून किंवा हवेतल्या वायूतून इंधन आणि रसायने करायची. ते कसे, हे दाखवण्यासाठी बाईंनी तीन बाटल्या मांडल्या.

तीन बाटल्यांचा प्रयोग

मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. तो चिमूटभर घेऊन तीन काचेच्या बाटल्यांत सारखेच निळे पाणी केले. पहिल्या बाटलीत टिटॅनियम डायऑक्साइडची, ॲनाटेस जातीची, पांढरी भुकटी घातली आणि बाटली उन्हात ठेवली. दुसरीतही तेवढीच भुकटी, पण ती कापडात गुंडाळून घरात अंधारात ठेवली. तिसरीत भुकटी नाही, नुसतेच निळे पाणी, पण ते उन्हात.

मधूनमधून बाटल्या हलवत होतो. दुपारी जेवणे आटोपून पाहतो तो पहिल्या बाटलीतला निळा रंग जवळजवळ गेलेला! भुकटी खाली बसल्यावर वर पाणी नितळ दिसले. अंधारातली बाटली निळीच होती. तिसरी उन्हात राहूनही थोडीशीच फिकटली होती. म्हणजे नुसते ऊन पुरले नाही आणि नुसती भुकटीही पुरली नाही. दोन्ही एकत्र आली तेव्हा काम झाले. आणि भुकटी? ती होती तेवढीच, तळाशी.

जी वस्तू रासायनिक क्रिया घडवून आणते पण स्वतः खर्ची पडत नाही, तिला उत्प्रेरक म्हणतात. सोयरीक जमवणारा मध्यस्थ दोन घरे एकत्र आणतो आणि स्वतः पुढच्या सोयरिकीला मोकळा राहतो, तसेच हे. या मध्यस्थाला कामाला लावायला ऊन लागत असेल, तर तो प्रकाश-उत्प्रेरक.

ही भुकटी परकी नाही. घराच्या पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये तीच असते. बरीच वर्षे ऊन खाल्लेल्या जुन्या पांढऱ्या रंगावरून हात फिरवला तर हाताला खडूसारखी पूड लागते. त्यात या भुकटीच्या प्रकाश-उत्प्रेरणाचा हात असतो. ज्या खनिजापासून ती काढतात ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते.

भुकटीच्या कणात काय घडते?

प्रकाशाचा पुरेसा जोरकस किरण कणावर आदळला की आतला एक इलेक्ट्रॉन जागचा उठून वरच्या पायरीवर जातो. त्याची जागा रिकामी पडते. उठलेला इलेक्ट्रॉन कोणाला तरी देऊन टाकायचा असतो आणि रिकामी जागा कोणाकडून तरी भरून घ्यायची असते. शेजारी पाणी असेल, तर रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि प्राणवायू सुटतो. उठलेला इलेक्ट्रॉन दुसरीकडे हायड्रोजन सोडवतो. हायड्रोजन हे इंधन आहे. जाळला की पुन्हा पाणीच होते, धूर नाही. कर्बवायूला इलेक्ट्रॉन देता आले, तर मिथेनॉलसारखी द्रवरूप इंधनेही करता येतात.

ऐकायला सोपे, पण अडचणी चार आहेत. पहिली, ही भुकटी फक्त अतिनील किरण घेते, आणि उन्हाच्या एकूण शक्तीत त्यांचा वाटा शेकडा चार-पाचच. बाकीचे ऊन वाया. दुसरी, उठलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काम न करता डोळ्याचे पाते लवायच्या आत माघारी जागेवर येऊन बसतात. टोळी फडात उतरली आणि कोयता न लावता परतली, तसे. तिसरी, जे पदार्थ दिसणारा प्रकाश घेतात, उदाहरणार्थ कॅडमियम सल्फाइड, ते पाण्यात आणि उन्हात स्वतःच झिजतात. चौथी, हायड्रोजन आणि प्राणवायू एकाच भांड्यात निघाले तर ते मिश्रण स्फोटक असते. ते वेगळे केल्याशिवाय चुलीजवळ नेणे म्हणजे घरात दारूगोळा ठेवणे. पत्रकात या शेवटच्या गोष्टीचा उल्लेखच नव्हता.

टोकियो आणि पुणे

या विद्येची कुळकथा थोडक्यात अशी. १९१२ साली इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी न्यूयॉर्कच्या व्याख्यानात सांगितले, की कोळसा कायमचा पुरणारा नाही, तेव्हा वनस्पतींचे गुपित शिकून उन्हावर रसायने करायला माणसाने शिकले पाहिजे. साठ वर्षांनी, १९७२ साली, जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टोकियो विद्यापीठाच्या डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचा पाट्यांचा ताफा उघड्यावर उभा केला, महिनोन्‌महिने चालवला, आणि निघालेला हायड्रोजन गाळणीने वेगळाही केला. उन्हातल्या शक्तीपैकी हायड्रोजनमध्ये किती उतरली? जास्तीत जास्त शेकडा ०.७६. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकाश-उत्प्रेरणावर संशोधन चालते. सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पुण्यातील प्रयोगशाळेत वेगळ्या वाटेने काम झाले आहे. पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड हा वायू उन्हात फोडायचा. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हा विषारी वायू निघतो. पाणी फोडायला लागते त्याच्या सातव्या हिश्श्याइतक्या शक्तीत तो फुटतो, आणि हायड्रोजनबरोबर गंधकही हाती येते. रस स्वच्छ करण्यासाठी आपण कारखान्यात जे गंधक जाळतो, तेच हे. घाण वायूपासून दोन उपयोगी जिन्नस, हा विचार आम्हाला मोठा व्यवहारी वाटला.

रसायनांच्या बाबतीत प्रकाश कारखान्यात कधीच पोहोचला आहे. औषधातले ड जीवनसत्त्व अतिनील प्रकाशाने तयार करतात. नायलॉनचा कच्चा माल एका जपानी कंपनीने १९६० च्या दशकापासून दिव्यांच्या प्रकाशात तयार केला. तिथे उत्प्रेरक नव्हता आणि ऊनही नव्हते, पण धडा एकच. महाग रसायन थोड्या प्रकाशात परवडते. इंधन स्वस्त विकावे लागते, म्हणून तिथे प्रकाशाचा कण न्‌ कण वसूल झाला पाहिजे.

आता हिशेब

बाईंनी पाटी आणि खडू घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, "आबा, तुम्ही काटा पाहिल्याशिवाय गाडी सोडत नाही ना? मग उन्हाचाही काटा करू."

एक चौरस मीटर जागेवर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण साडेपाच युनिट ऊन पडते. युनिट म्हणजे विजेच्या बिलात असते तेच. आता गॅसची टाकी. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८२ युनिट उष्णता असते. पाच माणसांच्या घरात टाकी महिनाभर जाते असे धरले, तर रोज सहा युनिट लागतात.

म्हणजे पाटीवर पडलेले सगळेच्या सगळे ऊन, एक कणही वाया न जाता, इंधन झाले तरी ते साडेपाच युनिट. गरज सहाची! विहिरीतच पाणी साडेपाच घागरी, आणि मोट सहा घागरी काढणार म्हणते. प्रत्यक्षात जगातल्या त्या मोठ्या प्रयोगाला एक टक्काही साधला नाही. आपण उदार होऊन एक टक्का धरला, तर एका टाकीएवढी उष्णता गोळा करायला त्या पाटीला नऊ वर्षे लागतील.

आबा बराच वेळ खडूच्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्याच ओळीत खोटं होतं. वाचता येत होतं, पण मी मोजलं नाही." आम्हीही कोणी मोजले नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे.

उसाचे पान कुठे बसते?

परतीच्या वाटेवर एकाने विचारले, "मग आपला ऊस किती टक्के ऊन धरतो?" घरी येऊन हाच काटा उसाला लावला.

बारा महिन्यांचा सुरू ऊस, एकरी ४० टन धरा. एका एकरावर वर्षात सुमारे ८१ लाख युनिट ऊन पडते. दहा टक्के उताऱ्याने साखर चार टन, तिच्यात सुमारे १८ हजार युनिट. ओले बगॅस बारा टन, त्यात सुमारे २५ हजार युनिट. दोन्ही मिळून ४३ हजार, म्हणजे उन्हाचा जवळजवळ अर्धा टक्का. मळी, वाढे, पाचट, मुळे धरली तर आकडा एक टक्क्याकडे सरकतो.

म्हणजे टोकियोच्या ताफ्याचा ०.७६ टक्का आणि आपल्या रानातला ऊस एकाच पंगतीला बसतात! फरक इतकाच, की उसाचे यंत्र कांडीपासून आपले आपण उभे राहते आणि खोडव्याला पुन्हा फुटते. यात नवल नाही, कारण ऊस हा उन्हाचा पट्टीचा कारागीर आहे. कर्बवायू धरण्याची त्याची खास रीत हवाईच्या ऊस संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची पायरी न्‌ पायरी उलगडली. तिलाच आज सी-४ पद्धत म्हणतात. अशा पिकांची तात्त्विक मर्यादा सहा टक्क्यांच्या आसपास मानतात. म्हणजे आपल्या पिकातही अजून वाव आहे. पाणी, खत, वाण आणि बेणे नीट असेल तर एकरी टन वाढतात, ते याच वावातून.

पण छाती फुगवण्याआधी तिसरा आकडा पाहावा. छतावरची सौर पाटी उन्हाची शेकडा वीसच्या आसपास वीज करते. त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन केला तरी शेकडा बारा-तेरा पदरात पडते. आजचा खरा प्रतिस्पर्धी पांढरी भुकटी नसून ही साधी सौर वीज आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, तेव्हा हा विषय आता वर्तमानपत्रापुरता राहिलेला नाही.

मग आपल्या धंद्याचे काय?

मनातली खरी भीती ही आहे. उद्या उन्हापासून थेट इंधन झाले, तर आपले इथेनॉल कोण घेणार? ही भीती पोकळ नाही. इथेनॉलच्या बाबतीत सरकारी धोरण एका हंगामात कसे फिरते ते आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, पुढच्या हंगामासाठी ते उठले, आणि २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे धोक्याचे.

परंतु या विद्येत आपल्यालाही जागा आहे. हायड्रोजनपासून द्रव इंधन करायचे तर कर्बवायू लागतो, आणि तो शुद्ध हवा. धुराड्यातून निघतो तो भेसळीचा. आपल्या आसवनीत मळी आंबताना निघतो तो जवळजवळ निर्भेळ. एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो! रोज ३०,००० लिटरच्या आसवनीतून साडेबावीस टन कर्बवायू निघतो. त्या सगळ्याचे मिथेनॉल करायचे ठरवले, तर रोज तीन टनांहून थोडा जास्त हायड्रोजन लागेल आणि सोळा टनांवर मिथेनॉल निघेल.

त्याला जागा किती? आजच्या प्रकाश-उत्प्रेरक पाट्यांनी हायड्रोजन केला तर नुसत्या पाट्याच सुमारे ६०० एकर. तेवढ्या रानात आपण ऊसच लावू. सौर विजेने केला तर पाट्यांचे क्षेत्र ३५-३६ एकर, मधल्या मोकळ्या जागेसह त्याच्या दुपटीपर्यंत. हा आकडा आज परवडतो असे आम्ही म्हणत नाही, पण ऐकताच सोडून देण्यासारखाही नाही. आणि प्रयोगशाळांनी भुकटीची कुवत पाच-दहा टक्क्यांवर नेली, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

आमच्या सूचना

एक. पत्रकातल्या पाटीसाठी उसाच्या बिलातून कोणतीही कपात होऊ नये, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे यावा. अनामत भरलेल्यांनी पावत्या घेऊन शेतकी कार्यालयात नाव नोंदवावे. सगळ्यांनी मिळून मागणी केली तर तिला वजन येते. लाज वाटण्याचे कारण नाही, आम्हीही मोजले नव्हते.

दोन. उन्हाचे पैसे आजच हवे असतील तर सौर पंप आणि छतावरची सौर वीज हे मार्ग पारखलेले आहेत. प्रेसमडपासून वाहनाचा गॅस करणेही आज जमते. त्याचा अभ्यास आधी करावा.

तीन. आसवनीतला कर्बवायू हवेत सोडण्याऐवजी धरून ठेवण्याचा खर्च किती, याचा अंदाज व्यवस्थापनाने मागवावा. पुण्याच्या प्रयोगशाळा दूर नाहीत. त्यांच्याकडे विद्या आहे, आपल्याकडे शुद्ध माल आणि भरपूर ऊन आहे.

चार. नवे यंत्र कोणी दारात आणले की चार प्रश्न विचारावेत. पाटीवर ऊन किती युनिट पडते? त्यातले इंधनात किती उतरते? हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे कुठे होतात? आणि असे यंत्र वर्षभर कुठे चालले आहे, ते पाहायला मिळेल का? चारांपैकी एकाचेही उत्तर टाळले, तर चहा पाजून वाटेला लावावे.

तीन बाटल्यांचा प्रयोग आपल्या शाळांतही करावा, मात्र ते पाणी कोणी पिऊ नये आणि भुकटी नाकात जाऊ देऊ नये. आबांनी कशेळ्याहून निघताना लेकीकडून उरलेली भुकटी कागदाच्या पुडीत मागून घेतली. नातवाला दाखवायची म्हणाले. दुसरा हप्ता त्यांनी भरला नाही.

हिशेबात कोणाला चूक आढळली तर अवश्य कळवावे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.

आपले,
अभ्यासमंडळ